११ ऑगस्टला दोन मालिका, २७ला गणपती

झी मराठीवर येत्या सोमवारी, ११ ऑगस्ट २०२५ला, एकाच दिवशी दोन नव्या मालिका सुरू होतायत. संध्याकाळी साडेसातला ‘वीण दोघातली ही तुटेना’ आणि रात्री साडेनऊला ‘तारिणी’. ‘चला हवा येऊ द्या’ २६ जुलैपासून शनिवार-रविवारी परत आलंच आहे. म्हणजे श्रावण लागला आणि टीव्हीचा हंगामही लागला.

कुठली मालिका चालणार हे लोक प्रोमो बघून सांगतात. मी कालनिर्णय बघून सांगतो. ११ ऑगस्टला मालिका सुरू, २७ ऑगस्टला चतुर्थी. चतुर्थीला आमच्या देवगड तालुक्यातल्या पुष्कळ घरांत टीव्ही भिंतीवरून खाली उतरतो, कारण गणपतीची जागा आणि टीव्हीची जागा एकच. पुढच्या खोलीत, दारातून आत आल्यावर समोर दिसणारी भिंत. वर्षभर तिथे सासू-सुना नांदतात, चतुर्थीला देव येतो. तेव्हा नव्या मालिकेला कोकणातल्या घरात पाय रोवायला मिळतात ते हे मधले सोळा दिवस. एवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर गणपती गेल्यावर टीव्ही परत भिंतीवर चढतो तेव्हा तिचं नावही कुणाला आठवत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझं देवगडला स्टँडच्या बाजूला डिशचं दुकान आहे. नवी कनेक्शनं, रिचार्ज, दुरुस्ती, सगळं मीच करतो. लोकांच्या छपरावर चढणं हा माझा धंदा, आणि छपरावरून उतरल्यावर चहा पिता पिता त्यांच्याबरोबर मालिका बघणं हा त्या धंद्याचा भाग. कुठल्या घरात काय चालतं हे मला त्या घरातल्या मुंबईच्या मुलापेक्षा जास्त ठाऊक असतं.

टीआरपी नावाची गोष्ट आहे. कुठला कार्यक्रम किती बघितला गेला याचे आकडे बार्क नावाची संस्था दर गुरुवारी काढते. देशात टीव्हीची घरं २१ कोटींच्या आसपास, त्यातल्या पन्नासएक हजार घरांत मीटर बसवलेले. कुठल्या घरांत, ते गुप्त. मला तो मीटर आजवर कुठल्या घरात दिसलेला नाही. माझा मीटर म्हणजे माझा फोन. पावसात सिग्नल गेला की लोक मला फोन करतात, आणि कितीला करतात त्यावरून सगळं कळतं. साडेआठला वाजला तर उचलायच्या आधी मी सांगू शकतो, स्टार प्रवाहची ‘ठरलं तर मग’ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात साडेआठला माझं जेवण ताटात निवतं. सायली आणि अर्जुन कोर्टात उभे, वात्सल्य आश्रमाची केस ऐन रंगात, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. त्या क्षणी माणूस ज्या आवाजात बोलतो तो आवाज कुठल्या गुरुवारच्या आकड्यात सापडायचा नाही. उलट एखाद्या वाहिनीवर मालिका चालू आहे, मुसळधार पाऊस आहे, सिग्नल गेला आहे आणि मला एकही फोन नाही, तर ती मालिका संपली असं समजावं. वाहिनीला ते दोन महिन्यांनी कळतं.

पावसात सिग्नल का जातो हे मला रोज सांगावं लागतं, तर इथेही सांगून टाकतो. उपग्रहाकडून येणारी लहर साधारण १२ गिगाहर्ट्झची, म्हणजे तिची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. पावसाचे टपोरे थेंब ती शोषून घेतात, विखुरतात. पूर्वी केबलवाल्याकडे असायची त्या मोठ्या छत्रीला पावसाचा एवढा त्रास नव्हता, कारण तिची लहर लांब. आपल्या छोट्या डिशचं तसं नाही. आणि आपल्याकडची डिश बघते आग्नेयेकडे आणि बरीच वर. त्यामुळे होतं काय, की घरावर पाऊस नसतो, पण आग्नेयेला दोनेक किलोमीटरवर सर कोसळत असते आणि ती नेमकी डिशच्या वाटेत असते. हे फोनवर कुणालाही पटत नाही.

‘पाऊस खंय आसा? खळ्यात ऊन पडलासा, कपडे वाळत घातलंय मी!’ असं एका काकीने मला गेल्या आठवड्यात सुनावलं. मी म्हटलं, काकी, दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी टीव्ही आला. काकींची खात्री आहे की मी दुकानात बसून काहीतरी बटण दाबलं.

बाकी तक्रारी पावसाच्या नसतात, खाऱ्या वाऱ्याच्या असतात. डिशचा पाय चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात ठोकलेला. चिरा मऊ, दोन पावसाळ्यांत फास्टनर सैल होतो, डिश बोटभर हलते, तेवढ्यात उपग्रह चुकतो. एलएनबी, म्हणजे डिशच्या समोर दांडीवर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, त्याची पुढची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते, आत पाणी शिरतं. काही ठिकाणी कुंभारीण माशी येऊन तिथे मातीचं घर बांधून बसलेली असते. कनेक्टर उघडला तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. मी जुना कनेक्टर कापतो, वायर नव्याने सोलतो, मधली तार कनेक्टरच्या बाहेर दोनच मिलिमीटर दिसेल एवढी ठेवतो आणि बाजूच्या जाळीचा एकही केस तिला लागू देत नाही. तो एक केस लागला की ‘तुमचो माणूस येऊन गेलो, तरी काय नाय’.

तर यंदाचा पाऊस. मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. महाराष्ट्रात इतक्या लवकर तो पस्तीस वर्षांत आला नव्हता. आंबा पेटीत भरायचा राहिला होता तो झाडावरच राहिला, ते दुःख वेगळं. पण टीव्हीच्या दृष्टीने बघा. ‘देवमाणूस’चा ‘मधला अध्याय’ आला २ जूनला, ‘कमळी’ आली ३० जूनला, स्टार प्रवाहची ‘हळद रुसली कुंकू हसलं’ आली ७ जुलैला. तिन्ही भर पावसात. आमच्या वाडीत ‘कमळी’चा पहिला आठवडा तुकड्या-तुकड्यांनी बघितला गेला. माझी आई अजून म्हणते, ‘ती पोरगी शिकाक मुंबयक पोचली काय नाय, ता माका कळूक नाय.’ ‘हळद रुसली’ची तर गंमतच. समृद्धी केळकर त्यात शेतकरी मुलगी झाली आहे, मातीवर जीव असलेली. वेळ दुपारी एकची. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी एक वाजता आमच्याकडच्या खऱ्या शेतकरी बायका कुठे असतात? गुडघाभर चिखलात, लावणीला. शेतकरणीची मालिका बघायला एकही शेतकरीण घरात नाही. आता लावण्या उरकल्या, तेव्हा कुठे दुपारचे फोन यायला लागलेत.

११ ऑगस्ट ही तारीख त्या मानाने शहाणपणाची. नारळी पौर्णिमा ८ला झाली की पाऊस थोडा दम खातो. धोधो जाऊन सरी येतात. सिग्नल जातो, पण परत येतो.

आता एकेक.

‘चला हवा येऊ द्या’बद्दल फार लिहीत नाही, कारण ते काही नवं नाही. २०१४ला सुरू झालं, गेल्या वर्षी मार्चमध्ये थांबलं, आता ‘कॉमेडीचं गँगवॉर’ असं शेपूट लावून आलंय. निलेश साबळे नाही, अभिजित खांडकेकर सूत्रसंचालक. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे आहेत, हास्यजत्रेतला गौरव मोरे आलाय. भाऊ कदम नाही. आईने पहिल्याच शनिवारी निकाल दिला: ‘भाऊ नाय तर हवा खंयची?’ मी एवढा कडक नाही. कुशल बद्रिके नुसता उभा राहिला तरी मला हसू येतं. शिवाय स्किटला पावसाची भीती नाही. मधली दोन मिनिटं गेली तर पुढचा विनोद स्वतंत्र असतो. मालिकेवाल्यांनीही यावर तोड काढली आहे म्हणा. एकच कानाखाली तीन वेळा, तीन बाजूंनी, वीज चमकवून दाखवतात. पावसात एखादी गेली तरी दोन उरतात.

‘वीण दोघातली ही तुटेना’ ही या हंगामातली मोठी गोष्ट. तेजश्री प्रधान आणि सुबोध भावे. तो समर, ती स्वानंदी. दोघांचीही लग्नाची वयं लोकांच्या हिशेबाने उलटलेली, आणि धाकट्या भावंडांचं प्रेम जुळल्यामुळे ही दोन मोठी माणसं एकमेकांसमोर येतात. गोष्ट मूळची कन्नड ‘अमृतधारे’ची, आणि त्या कन्नड मालिकेची मुळं हिंदीतल्या ‘बडे अच्छे लगते हैं’मध्ये. आता ही वाट सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून, ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून, ‘लक्ष्मी निवास’ कन्नडवरून. आईला याचं काही नाही. पात्रं मराठी बोलतात, मंगळागौर करतात, झालं. माझी बायको मात्र मोबाइलवर कन्नड मालिकेत पुढे काय झालं ते शोधते आणि जेवताना सांगून टाकते. घरात तिला टीव्हीचा रिमोट मिळत नाही, त्याचा सूड असावा.

तेजश्रीला आमच्याकडे तिच्या नावाने कोणी ओळखत नाही. ती जान्हवी. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१३ मध्ये आली तेव्हा सहा सासवांना सांभाळणारी सून बघून आमच्या वाडीतल्या एकेका सासूने आपल्या सुनेकडे जे बघितलं होतं, ते अजून काही घरांत विसरलेलं नाही. नंतर ‘अग्गंबाई सासूबाई’त तिने सासूचंच लग्न लावलं, तेही लोकांनी मान्य केलं. यंदा जानेवारीत ती ‘प्रेमाची गोष्ट’मधून बाहेर पडली आणि तिच्या जागी दुसरी मुक्ता आली. चेहरा बदलला, साडी तीच, घर तेच. मला वाटलं होतं लोक फोन करून मलाच विचारतील. विचारलंही. एका आजींना वाटलं वेगळं चॅनल लागलंय आणि बॉक्स बिघडलाय. मी जाऊन बॉक्स बघितला. बॉक्स उत्तम होता.

तर तेजश्रीवर विश्वास आहे. अडचण सुबोध भावेची आहे. माणूस नट म्हणून किती मोठा ते मला सांगायची गरज नाही. पण ‘तुला पाहते रे’ला २०१८ मध्ये या बायकांनी त्याला जीव लावला, विक्रांत सरंजामे म्हणजे जावई असावा तर असा, असं चाललं होतं, आणि मधेच तो खलनायक निघाला. आई ते विसरलेली नाही. नवा प्रोमो लागला की हात थांबतो, तांदूळ निवडायचा थांबतो. ‘बरो दिसता. पण माका त्येचो भरवसो नाय. गेल्या टायमाक पण असोच गोड बोलत होतो.’ मी सांगितलं की ही गोष्ट वेगळी आहे, यात तो सज्जन आहे. ‘तेव्हा पण असाच सांगलंस,’ म्हणाली.

माझ्या मते ही मालिका आमच्याकडे चालेल, आणि त्याचं कारण श्रावण. साडेसातची वेळ कोकणात एरवी वाईट. तिन्हीसांज होऊन दिवा लागलेला, चुलीवर भात, आणि मासे साफ करायचे तर बाईचे दोन्ही हात अडकलेले. बांगडे असले तर एक वेळ जमतं, पण कर्ली घेतली असेल तर तिचे काटे सांभाळायचे की स्वानंदीचं दुःख बघायचं? श्रावणात तो प्रश्नच नाही. डाळीचं सांबारं, एखादी भाजी, साडेसातला बाई मोकळी. हे दोन आठवडे समर-स्वानंदीला फुकट मिळालेत. खरी कसोटी गणपती गेल्यानंतर लागेल. घराघरात मासे परत येतील, तेव्हा साडेसातला पुढच्या खोलीत कोण बसतं ते बघायचं.

‘तारिणी’ साडेनऊची. शिवानी सोनार त्यात गुप्तपणे काम करणारी पोलीस अधिकारी आहे. ती आधी कलर्स मराठीच्या ‘राजा रानीची गं जोडी’त संजीवनी होती, तिथेही पोलीसच, म्हणजे वर्दी अंगाला बसलेली आहे. एक गोष्ट मला मजेची वाटते. गेल्या वर्षी सोनी मराठीवर ‘तू भेटशी नव्याने’ नावाची मालिका होती, त्यात सुबोध भावे आणि ही शिवानी एकत्र होती, आणि एआय वापरून सुबोध भावेला तरुण केलं होतं. आता तीच दोघं एकाच वाहिनीवर, एकाच दिवशी, वेगवेगळ्या मालिकांत. तो साडेसातला आपल्या खऱ्या वयात, ती साडेनऊला वर्दी लपवून.

तारिणीबद्दल मला शंका आहे. घरच्यांना ठाऊक नाही की पोरगी पोलिसात आहे, हे पंधरा दिवस छान चालतं. पुढे मालिकेला लग्न लागतं. लग्न झालं की सासर आलं, सासर आलं की पोळ्या आल्या, आणि मग गुन्हेगार पकडायचे राहून मंगळसूत्र कुणी लपवलं याचा तपास सुरू होतो. दिवाळीच्या आत तारिणी बोहल्यावर चढते असं माझं भाकीत आहे. तसं झालं नाही तर मी आनंदाने बघेन, कारण बाईने पिस्तूल हातात घेतलेलं मला आवडतं.

रात्री साडेनऊची वेळ कोकणाला उशिराची असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. २०१६च्या फेब्रुवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ आली ती साडेदहाला. नऊला निजणारी माणसं साडेदहाला डोळे ताणून बसायची आणि मग एकट्याने मागच्या पडवीत जायला घाबरायची. सावंतवाडीजवळ आकेरीला त्या वाड्यात चित्रीकरण झालं, आता माणसं गाड्या करून तो वाडा बघायला जातात. सुरुवातीला आपल्याकडे विरोधही झाला, कोकण म्हणजे भुतंखेतं असं का दाखवता म्हणून. विरोध करणारेही साडेदहाला घरी होते. त्या मालिकेचा आवाज घराघरांतून एकाच वेळी यायचा. त्यातली मालवणी मुंबईच्या घशाला बेताने उतरेल अशी पातळ केलेली होती, पण होती. पुढच्या वर्षी ‘गाव गाता गजाली’ आली, तीत भाषा जास्त मोकळी.

यंदा एप्रिलपासून स्टार प्रवाहवर ‘कोण होतीस तू, काय झालीस तू’ चालू आहे, गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव यांची, तिलाही कोकणची पार्श्वभूमी आहे. प्रोमोत समुद्र आला की आमच्या घरात कोणी ना कोणी ओरडतंच, ‘ह्या आपला मां?’ आणि मग दहा मिनिटं वाद, की हा किनारा कुठला.

माझी तक्रार एवढीच, की टीव्हीवरच्या कोकणात माणसं कधी काम करताना दिसत नाहीत. ड्रोनने खाडी दाखवतात, माड दाखवतात, वाड्याचा दरवाजा करकरतो. आंब्याची बाग असली तर नायिका त्यात पळते. बागेत फवारणी कुणी करत नाही, तुडतुड्याने मोहोर गेला म्हणून डोक्याला हात लावून कुणी बसत नाही. राखणीला ठेवलेला नेपाळी नाही. वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली, पेटीचा भाव पडलेला, आणि घरात पोरीचं लग्न, यात मालिकेचे पाचशे भाग आहेत हो. कन्नडमधून आणायचीही गरज नाही. पण कोणी करायची नाही, कारण मोहोर येतो डिसेंबर-जानेवारीत, आंबा उतरतो एप्रिल-मेमध्ये, आणि चित्रीकरण बहुतेक ठाण्या-मुंबईच्या बाजूच्या सेटवर वर्षभर चालतं. तिथे आंबा प्लास्टिकचा.

आता चतुर्थीकडे येतो.

हरतालिकेच्या आधी दोन दिवस माझा फोन वेगळ्या कारणाने वाजायला लागतो. ‘टीव्ही खंय ठेवचो?’ भिंतीला रंग लावायचा असतो. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, बांधायची, तिला कवंडाळं, कांगण्या, नारळ, सुपाऱ्या लटकवायच्या, आणि त्या माटवीच्या बरोब्बर मागून डिशची वायर गेलेली. टीव्ही माजघरात न्यायचा तर वायर पुरत नाही. मग जोड. जोड देऊ नका असं मी सांगतो, प्रत्येक जोडाला सिग्नल थोडा गळतो, आणि पावसात तेवढाच कमी पडतो. सरळ नवी अखंड वायर ओढा. घरातले बाबा म्हणतात, ‘पाच दिवस टीव्ही नाय बघलो म्हणान कोण मेलो नाय!’ आणि आतून कुणीतरी मला खूण करतं की ओढा वायर.

टीव्ही माजघरात गेला तरी बघतो कोण? संध्याकाळी सातला आरती. मग भजनं. एका घरातून दुसऱ्या घरात मंडळ फिरतं, पखवाज, झांजा, गजर, मधे उसळ-पाव आणि चहा. रात्री अकरापर्यंत, म्हणजे वाहिन्यांचा सगळा सोन्याचा वेळ, वाडीत फक्त टाळ. मुंबईहून आलेली पोरं कोपऱ्यात मोबाइलवर झी फाइव्ह नाहीतर जिओहॉटस्टार लावून बसतात, पण आमच्या अर्ध्या वाडीत रेंज फक्त विहिरीजवळ, त्यामुळे मालिका बघायला छत्री घेऊन विहिरीवर जावं लागतं.

गेल्या वर्षीचं मात्र वेगळं होतं. २०२४ला चतुर्थी आली ७ सप्टेंबरला आणि ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा हंगाम ऐन भरात. रितेश देशमुखचा पहिलाच. आत मालवण-देवबागची अंकिता वालावलकर, ‘कोकण हार्टेड गर्ल’. सगळा सिंधुदुर्ग जणू आपली पोर परीक्षेला बसल्यासारखा बघत होता. त्या वर्षी माजघरात वायर ओढायला एवढी बोलावणी आली की माझ्याकडची वायरची रीळ संपली आणि कणकवलीहून मागवावी लागली. भजनाला बसलेला माणूस अभंग संपल्यावर हळूच आत डोकावून ‘गेली काय रवली?’ विचारून परत पखवाजावर बसायचा. ती अंतिम फेरीपर्यंत राहिली. टीव्ही उतरवलेला असताना जो कार्यक्रम लोक शोधत येतात तो खरा, आणि त्या हिशेबाने तो हंगाम चतुर्थीत पास झाला होता. जिंकला सूरज चव्हाण, पण तेही आमच्याकडे चाललं.

यंदा बघायचं ते हेच. गौरी-गणपतीचं विसर्जन २ सप्टेंबरला. तेव्हापासून टीव्ही परत भिंतीवर चढायला लागतील. माझा अंदाज: साडेआठला पहिला फोन ‘ठरलं तर मग’साठी येणार, त्यात पैज लावण्यासारखं काही नाही. साडेसातला आला तर तेजश्रीने घर जिंकलं. साडेनऊला आला तर मी चुकलो आणि तारिणी अजून पोळ्या लाटायला लागलेली नाही. शनिवारी नऊला आला तर भाऊ कदमशिवायही हवा येते. आणि स्टार प्रवाहवाले गप्प बसलेत ते उगाच नाही. ते त्यांच्या नव्या मालिका गणपती गेल्यावर, सप्टेंबरच्या मध्यावर आणतील असं मला वाटतं. मी वाहिनीचा साहेब असतो तर मीही तेच केलं असतं. घर रिकामं, पाऊस ओसरलेला, चाकरमानी परतलेले, आणि घरात उरलेल्या माणसांना संध्याकाळी काहीतरी सोबत हवी असते.

गिऱ्हाइकांसाठी थोडं कामाचं. चतुर्थीला टीव्ही हलवायचा असेल तर २० तारखेच्या आत सांगा. २५-२६ला मी कुणाचंही ऐकणार नाही, माझ्याही घरी गणपती असतो. बॉक्स बरेच दिवस बंद राहिला की चालू केल्यावर चॅनल दिसत नाहीत. घाबरू नका, बॉक्स अर्धा तास चालू ठेवा आणि मला ग्राहक क्रमांक पाठवा, मी रिफ्रेश मारतो. रिचार्ज विसर्जनाच्या आधी संपत असेल तर घाई करू नका, विसर्जनानंतर करा, मधल्या दिवसांचे पैसे वाचतील. आणि डिशवर दोरी बांधून पताका लावू नका, गेल्या वर्षी ज्यांनी लावल्या त्यांना ठाऊक आहे.